हेडफोनची केबल घरी बनवताना डावा आणि उजवा आवाज वेगळा कसा ठेवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ३२ ओमच्या हेडफोनसाठी घरी दीड मीटरची केबल बनवली. जुन्या इअरफोनची तीन तारांची वायर वापरली: डाव्याला एक, उजव्याला एक आणि दोघांत मिळून एक ग्राउंड. आवाज स्वच्छ येतो, पण फक्त डावीकडे वाजायला हवं ते उजव्या कानातही बारीक ऐकू येतं. शील्डची, म्हणजे वर धातूची जाळी असलेली केबल घेतली तर हे थांबेल का, की चांदीचा मुलामा दिलेली वायर लागेल?

दोन्ही नकोत. तीनऐवजी चार वायर घ्या. डाव्या ड्रायव्हरची, म्हणजे कानातल्या छोट्या स्पीकरची, परतीची वायर आणि उजव्याची परतीची वायर हेडफोनपासून पिनपर्यंत वेगळ्या आणा आणि पिनच्या स्लीव्हच्या (केबलकडच्या शेवटच्या टप्प्याच्या; टोक म्हणजे टिप, मधलं कडं म्हणजे रिंग) पत्तीवरच, तिथेच पहिल्यांदा, एकमेकींना भेटू द्या. केबलच्या हातात जेवढं आहे तेवढं यात झालं. बाकीचं उत्तर हे असं का आणि नीट कसं करायचं, याबद्दल आहे.

वायरीला वायर चिकटून गेली म्हणून एका बाजूचा आवाज दुसरीकडे उडी मारतो, असं बहुतेकांना वाटतं. हेडफोनच्या केबलमध्ये हा भाग नगण्य असतो. खरी गळती सामाईक परतीच्या वायरमधून होते. समजा गाण्यात या क्षणी फक्त डावीकडे आवाज आहे. अँप्लिफायर डाव्या सिग्नलवर व्होल्टेज देतो, करंट डाव्या ड्रायव्हरमधून जातो आणि सामाईक वायरने परत येतो. त्या वायरला थोडासा का होईना रेझिस्टन्स आहे, म्हणून तिच्यावर थोडं व्होल्टेज पडतं. म्हणजे हेडफोनच्या टोकाला जिथे दोन्ही ड्रायव्हरची ग्राउंड एकत्र येतात, ती जागा शून्यावर राहत नाही, गाण्याबरोबर किंचित वरखाली होते. उजव्या ड्रायव्हरचं एक टोक त्या जागेला जोडलेलं आहे. दुसरं टोक अँप्लिफायरच्या उजव्या आउटपुटला आहे आणि तिथे आवाज नसल्यामुळे ते शून्याला घट्ट धरलेलं आहे. मग ते चिमूटभर व्होल्टेज उजव्या ड्रायव्हरवर पडतं आणि तो वाजतो.

किती वाजतो याचा हिशेब सोपा आहे. सामाईक भागाच्या रेझिस्टन्सला ड्रायव्हरच्या ओमने भागा. तुमची जुनी वायर साधारण ०.०५ चौरस मिमीची असेल, तर तिला मीटरमागे सुमारे ०.३४ ओम पडतात. सामाईक भाग १.२ मीटर धरला तर झाले ०.४ ओम. ०.४ भागिले ३२ म्हणजे ०.०१२५, म्हणजे उजवीकडची गळती डावीकडच्या आवाजापेक्षा सुमारे ३८ डेसिबल खाली. शांत खोलीत, एकाच बाजूला वाजणाऱ्या गिटारवर हे ऐकू येतं. सामाईक भाग ०.१ ओमवर आणला तर गळती ५० डेसिबल खाली जाते, ०.०२ ओमवर आणला तर ६४ डेसिबल. हीच ०.४ ओमची केबल ३०० ओमच्या हेडफोनला लावली तर आकडा ५७ च्या पलीकडे जातो आणि कुणाची तक्रार येत नाही. उलट अनेक आर्मेचर (एका प्रकारचे छोटे ड्रायव्हर) असलेले काही इअरफोन ठरावीक फ्रिक्वेन्सीला ८ ओमच्या आसपास उतरतात. तिथे तीच केबल २६ डेसिबलवर येते. म्हणून एका मित्राची केबल उत्तम चालली यावरून तुमच्याकडेही चालेल असं धरू नका, आधी ड्रायव्हरचे ओम बघा.

या गळतीची एक खूण आहे आणि ती दुरुस्तीत फार कामाची पडते. गळून आलेला आवाज उलट्या फेजमध्ये असतो, म्हणजे एक ड्रायव्हर पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे खेचतो. त्यामुळे दोन्ही बाजूंना सारखा असलेला भाग, म्हणजे बहुधा मुख्य गायकाचा आवाज, किंचित कमी होतो आणि बाजूची वाद्यं आहेत तशीच राहतात. ३२ ओमला सामाईक रेझिस्टन्स १ ओम असेल तर मधला आवाज सुमारे अर्ध्या डेसिबलने पडतो. रेझिस्टन्स वाढत वाढत वायर तुटलीच, तर दोन्ही ड्रायव्हर एकामागे एक असे डाव्या-उजव्याच्या मध्ये जोडले जातात आणि फक्त दोघांमधला फरक ऐकू येतो. गायक गायब, मागे त्याचा घुमारा आणि कडेची वाद्यं तेवढी शिल्लक. असा पोकळ आवाज आला की ड्रायव्हर उघडू नका. स्लीव्हचा डाग, म्हणजे सोल्डरचा जोड, सुटला आहे, किंवा पिन सॉकेटमध्ये पूर्ण गेलेली नाही, किंवा माइकवाल्या चार टप्प्यांच्या पिनमध्ये ग्राउंड आणि माइक यांची अदलाबदल आहे. माइकवाल्या पिनच्या जोडणीच्या दोन पद्धती आहेत. सीटीआयए पद्धतीत टिपपासून दुसरी रिंग ग्राउंड असते आणि स्लीव्ह माइक. जुन्या ओएमटीपी पद्धतीत हे उलटं. अदलाबदल असेल तर हेडसेटचं बटण दाबून धरल्यावर गायक परत येतो, कारण ते बटण माइक आणि ग्राउंड एकमेकांना जोडतं. पाच सेकंदांत निदान होतं.

आता शील्ड. शेजारच्या दोन वायरींमध्ये मीटरमागे १५० पिकोफॅराड कपॅसिटन्स धरा, दोन मीटरला ३०० झाले. वीस हजार हर्ट्झलासुद्धा त्याचा अडथळा सुमारे २६ हजार ओम आहे. समोर अँप्लिफायरचा आउटपुट १ ओमचा असेल तर या वाटेने होणारी गळती ८८ डेसिबल खाली जाते. गाण्यातला बराचसा भाग जिथे असतो त्या हजार हर्ट्झच्या आसपास ती आणखी २६ डेसिबल खाली. ३८ डेसिबलचं भोक समोर असताना ८८ डेसिबलची फट बुजवण्यात अर्थ नाही. शील्डचं खरं काम बाहेरची भणभण अडवण्याचं. माइक किंवा गिटारच्या कमजोर सिग्नलला ती लागते. हेडफोनच्या ओमचा आकडा इतका लहान असतो की घरातल्या विजेची भणभण त्यात शिरत नाही. चांदीच्या मुलाम्याने रेझिस्टन्समध्ये पडणारा फरक इतका कमी असतो की त्याच पैशात एक पायरी जाड तांबं घेतलेलं केव्हाही चांगलं.

वायर कोणती घ्यावी

चार वायर झाल्या की वायरचा स्वतःचा रेझिस्टन्स गळतीत येत नाही, फक्त आवाज किंचित कमी करतो. म्हणून फार जाड वायर घेऊ नका, ती अंगावर दांडक्यासारखी बसते. गेजचा आकडा जितका मोठा तितकी वायर बारीक. मीटरमागे २४ गेजला ०.०८४ ओम, २६ ला ०.१३, २८ ला ०.२१ आणि ३० ला ०.३४ असे धरा. दीड मीटर २८ गेजची जाऊन-येऊन ०.६४ ओम होते. ३२ ओमच्या हेडफोनला त्याने ०.२ डेसिबलपेक्षा कमी फरक पडतो आणि तोही दोन्ही बाजूंना सारखाच. २६ किंवा २८ गेजची, खूप बारीक तारांची, सिलिकॉन आवरणाची वायर सगळ्यांत सोयीची: मऊ असते, सोल्डरच्या उष्णतेने आवरण मागे सरकत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सहज मिळणारी ७/३६ ची पीव्हीसी हुकअप वायर विजेच्या दृष्टीने चोख आहे, साधारण २४ गेजच्या बरोबरीची. पण तिचं आवरण ताठ असतं. कपड्याला घासली की खरखर थेट कानात येते. टेबलावर वापरायच्या केबलला चालेल, अंगावर वागवायच्या केबलला नको.

तयार केबलमधून बनवायचं असेल तर माइकसाठीची स्टार-क्वाड केबल बघा. कॅनारे एल-४ई६एस मध्ये ०.२ चौरस मिमीच्या चार वायरी आणि वर विणलेली शील्ड असते, बाहेरून ६ मिमी. मोगामी २८९३ मध्ये २६ गेजच्या चार आणि ती बाहेरून ४.८ मिमीचीच, त्यामुळे ३.५ च्या पिनमध्ये जास्त सहज बसते. इथे जोड्या कशा धरता याला महत्त्व आहे. चार वायरी चौकोनाच्या चार कोपऱ्यांत असतात. समोरासमोरच्या दोन एका चॅनलला द्यायच्या. समोरासमोरच्या दोन जोड्यांचं चुंबकीय क्षेत्र एकमेकींत उतरत नाही. कॅनारेत समोरासमोरच्या वायरींचा रंग एकच असतो, दोन निळ्या आणि दोन पांढऱ्या. म्हणजे निळी जोडी डाव्याला, पांढरी जोडी उजव्याला. मग दोन निळ्यांतली सिग्नलची कोणती आणि परतीची कोणती हे रंगावरून कळत नाही, म्हणून कापल्याकापल्या मल्टिमीटरने बीप घेऊन एका वायरीच्या दोन्ही टोकांना हीट श्रिंकचं (गरम केल्यावर आवळणाऱ्या ट्यूबचं) छोटं कडं चढवा. हे नंतरवर टाकलं की एक ड्रायव्हर उलटा लागतोच. शील्ड ठेवायची असेल तर ती फक्त पिनच्या बाजूला स्लीव्हला जोडा, हेडफोनकडचं टोक कापून झाकून टाका. तिच्यातून करंट जाऊ द्यायचा नाही.

आरसीए केबलसाठी जी जुळी शील्ड वायर मिळते, दोन वेगळ्या आवरणांतल्या दोन वायरी कडेने चिकटलेल्या, तीही या कामाला योग्य आहे. प्रत्येक बाजूला आत एक वायर आणि वर तिची स्वतःची जाळी, म्हणजे चार वायरीच झाल्या. जाळी परतीला वापरा.

काही वायर टाळायच्या. लॅन केबलच्या आत बहुधा एकच भरीव तार असते, रोजच्या वाकण्याने ती महिन्याभरात तुटते. स्वस्त वायर अनेकदा तांब्याचा थर दिलेल्या अॅल्युमिनियमची किंवा लोखंडाची असते. ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर अॅल्युमिनियम. चुंबक चिकटला तर लोखंड. रेझिस्टन्स जास्त असतोच, शिवाय तांब्याचा थर सोल्डरमध्ये विरघळला की डाग दिसायला ठीक आणि ओढला की मोकळा.

जुनी इअरफोनची वायरच वापरायची असेल तर तिच्यातल्या केसासारख्या तारांवर रंगीत एनॅमल असतं आणि मध्ये नायलॉनचा दोरा. लाल बहुधा उजवा, हिरवा किंवा निळा डावा, तांब्याच्या रंगाची परतीची. काही वायरींत तांब्याच्या दोन वेगळ्या जुड्या असतात. असं असेल तर नशीब समजा, तिची चार वायरींची केबल होते. चाकूने एनॅमल खरवडू नका, अर्ध्या तारा तुटतात. सोल्डर गन ३८० ते ४०० अंशांवर ठेवा, टोकावर सोल्डरचा मोठा थेंब घ्या आणि तारेचं टोक त्या थेंबात हळूहळू सरकवा. एनॅमल जळून जाईल आणि तारेवर चकचकीत टिनिंग, म्हणजे सोल्डरचा थर, चढेल. धूर वाईट असतो, खिडकीजवळ किंवा पंख्याच्या वाऱ्यात करा. टिनिंगनंतर मीटरवर बीप येतो का बघा. वरून चमकणारी, आत एनॅमल शिल्लक असलेली जुडी म्हणजे पुढे कधीतरी बंद पडणारी बाजू.

बनवण्याचा क्रम

दुकानात ३.५ मिमीची स्टिरिओ पिन ईपी स्टिरिओ या नावाने मिळते आणि मोठी ६.३५ ची पी-३८ स्टिरिओ. धातूच्या कव्हरची, मागे केबल धरणारे पंजे असलेली घ्या. रीनची एनवायएस२३१ स्वस्त आणि भरवशाची आहे. केबल बाहेरून किती मिमीची आत जाते ते घेण्याआधी मोजा, ही पिन आणि केबल यांची जोडी न जमणं हा सगळ्यांत नेहमीचा घोटाळा आहे. याशिवाय ६३/३७ चं (कथील/शिसं) ०.८ मिमी सोल्डर, १.५, ३ आणि ६ मिमीची हीट श्रिंक ट्यूब, आणि बीप देणारा मीटर.

दीड मीटरच्या केबलसाठी चार वायरी प्रत्येकी १७० सेंमी कापा. पिळण्यात लांबी जाते. डावा सिग्नल आणि डावी परतीची वायर एकत्र पिळा, उजव्याचं तसंच. एका पिळाला १५ ते २० मिमी ठेवा. टोक हँड ड्रिलमध्ये धरून सावकाश फिरवलं तर पीळ एकसारखा येतो. दोन्ही सिग्नल एकत्र आणि दोन्ही परतीच्या एकत्र असं पिळू नका. प्रत्येक चॅनलचा जाणारा आणि येणारा करंट शेजारी असला की त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना मारतात. फायदा लहान आहे पण फुकट आहे. शिवाय फाट्यापाशी, म्हणजे केबल दोन कानांकडे दुभंगते तिथे, काही कापाकापी करावी लागत नाही, एक जोडी डावीकडे जाते, दुसरी उजवीकडे. पिनपासून फाट्यापर्यंत ११० सेंमी आणि पुढे प्रत्येकी ४० सेंमी हे माप बहुतेकांना पुरतं. फाट्यावर ६ मिमीची ट्यूब दोन थरांत.

फाट्याबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी. खूप जण पिनपासून फाट्यापर्यंत तीन वायरी आणतात आणि फाट्यावर ग्राउंडच्या दोन करतात. दिसायला शेवटी चार वायरी दिसतात, पण लांबीचा तीन चतुर्थांश भाग सामाईकच राहतो. तुम्हाला कुणी चार वायरींची म्हणून केबल विकली असेल तर पिन आणि फाटा यांच्यामधला भाग कापून वायरी मोजा.

पिन सोल्डर करण्याआधी तिचं कव्हर आणि ट्यूबचे तुकडे केबलवर चढवले का ते बघा. पिन एखाद्या जुन्या सॉकेटमध्ये खोचून ठेवा. पिनच्या आत टिप, रिंग आणि स्लीव्ह वेगळे ठेवणारं प्लास्टिक असतं, ते गरम झालं की मऊ होतं आणि टिपची पत्ती तिरकी होते. सॉकेटमध्ये असली की ती सरळ राहते. टिप म्हणजे डावा, रिंग म्हणजे उजवा, स्लीव्ह म्हणजे परत.

सुरुवात स्लीव्हपासून करा. ही पत्ती मोठी असते, उष्णता खेचून घेते, आणि म्हणून ड्राय सोल्डर (कच्चा डाग) सगळ्यांत जास्त इथेच होतो. आणि नेमका हाच डाग दोन्ही चॅनलना सामाईक आहे: तो कच्चा राहिला तर चार वायरींची सगळी मेहनत वाया. रुंद टोकाची बीट लावा, ३८० अंशांच्या आसपास ठेवा. पत्ती आधी कानशीने हलकी घासून टिनिंग करा. मग दोन्ही परतीच्या वायरींची टिनिंग केलेली ३ मिमी टोकं पत्तीवर शेजारी शेजारी ठेवा आणि पत्ती गरम करा, वायर नव्हे. सोल्डर पत्तीवर पाण्यासारखं पसरलं पाहिजे. गोळी होऊन बसलं तर तो डाग कच्चा आहे, फ्लक्स लावून पुन्हा करा. दोन्ही परतीच्या वायरी आधी एकमेकींना जोडून पुढे एकच तुकडा पत्तीला न्यायचा, हे करू नका. विजेच्या हिशेबात पाच सेंमी तुकड्याने फार बिघडत नाही, २८ गेजचे ते ०.०१ ओम. पण तो तुकडा नेमका वाकण्याच्या जागी येतो आणि तुटला की दोन्ही कान पोकळ.

स्लीव्ह गार झाल्यावर रिंग, मग टिप. गन ३५० अंशांवर, प्रत्येक डागाला दोन सेकंद, तीनच्या वर नाही. उलट क्रमाने केलं तर स्लीव्हची उष्णता आधीचे डाग आणि प्लास्टिक दोन्ही मऊ करते. टिप आणि रिंगच्या पत्त्यांवर १.५ ची ट्यूब चढवा. एखादी सुटी तार बाहेर डोकावत नाही ना ते भिंगाखाली बघा. कव्हर फिरवताना ती वळते आणि एक बाजू कधी चालू कधी बंद होते. शेवटी पंजे बाहेरच्या आवरणावर दाबा. सुट्या वायरींवर दाबले तर दात आवरण फोडून आत जातात आणि तो चॅनल ग्राउंडला लागतो. केबल बारीक असेल तर त्या जागी ट्यूबचे दोन-तीन थर देऊन जाड करा.

हेडफोनकडची बाजू

दोन्ही कपांत वेगळी वायर जाते असे हेडफोन या कामाला सोपे. एमएमसीएक्समध्ये (इअरफोनच्या छोट्या गोल कनेक्टरमध्ये) मधला बिंदू सिग्नल आणि बाहेरचं कडं परत. ०.७८ मिमीच्या दोन पिनांच्या कनेक्टरमध्ये पिना इतक्या बारीक असतात की उष्णतेने सरकतात. जुन्या सॉकेटात खोचून सोल्डर करा. सेनहायझर एचडी ६०० आणि ६५० च्या कनेक्टरला एक पिन जाड आणि एक बारीक असते, म्हणून तो उलटा बसत नाही. सिग्नलची कोणती ते मूळ केबलवर बीपने तपासून लिहून घ्या. तीन वायरींच्या केबलमध्ये ड्रायव्हर उलटा लागणं अवघड होतं, चार वायरींत मात्र ते सहज होतं. लागला तर मोनो आवाज डोक्याच्या मध्यभागी न बसता कडांना पसरतो आणि कानांवर दाब आल्यासारखं वाटतं. बातम्या किंवा व्याख्यान लावून बघा, लगेच कळतं.

एकाच कपाला वायर असणारे हेडफोन, ऑडिओ-टेक्निका एम५०एक्स किंवा सोनी एमडीआर-७५०६ सारखे, वेगळा विचार मागतात. सॉकेटला तीनच टप्पे असतील तर केबलच्या दोन्ही टोकांना स्लीव्ह एकच आहे. मग चार वायरी ओढल्या तरी दोन परतीच्या वायरी फक्त समांतर होतात. रेझिस्टन्स निम्मा, फायदा ६ डेसिबल. इथे परतीसाठी सरळ एकच जाड वायर किंवा विणलेली जाळी वापरा आणि केबल आखूड ठेवा. कप उघडायची तयारी असेल तर मात्र पूर्ण काम करता येतं. आत उजव्या ड्रायव्हरकडे डोक्यावरच्या पट्टीतून दोन वायरी जाताना दिसल्या, तर त्यांची परतीची वायर डाव्याच्या परतीला जिथे जोडली आहे ती जागा सोडवा आणि चार टप्प्यांचं ३.५ मिमी सॉकेट बसवा: टिप डावा सिग्नल, पहिली रिंग उजवा सिग्नल, दुसरी रिंग डावी परत, स्लीव्ह उजवी परत. या मांडणीचा मोठा गुण असा की साधी तीन टप्प्यांची केबलसुद्धा त्यात चालते, कारण तिची लांब स्लीव्ह दोन्ही परतींना एकत्र टेकते.

मोजायचं कसं

साध्या मीटरच्या ओमच्या रेंजवर सामाईक भागाचा रेझिस्टन्स मोजू नका. मीटरच्या प्रोबचाच रेझिस्टन्स ०.२ ते ०.५ ओम असतो, तुम्हाला ०.०२ शोधायचे आहेत. त्याऐवजी करंट पाठवून मिलिव्होल्ट मोजा. मोबाइलच्या ५ व्होल्टच्या चार्जरमधून ४७ ओम, १ वॉटचा रेझिस्टर लावून साधारण १०० मिलिअँपिअर मिळतात. हेडफोन काढून ठेवा. हेडफोनकडच्या टोकाला डावा सिग्नल आणि डावी परत एकमेकांना टेकवा. पिनकडे रेझिस्टरमार्गे प्लस टिपला द्या, मायनस क्रोकोडाइल क्लिपने स्लीव्हला. आता मीटर २०० मिलिव्होल्ट डीसीवर ठेवा. एक प्रोब स्लीव्हच्या अंगावर क्लिपपासून जरा दूर, दुसरा हेडफोनकडच्या टोकाला उजव्या परतीच्या वायरीवर. उजव्या परतीतून करंट जात नाही, म्हणून तिच्यावर काहीच व्होल्टेज पडत नाही. ती जणू लांब प्रोबचं काम करते आणि मीटरला फक्त सामाईक भागाचं व्होल्टेज दाखवते. १०० मिलिअँपिअरला १ मिलिव्होल्ट म्हणजे ०.०१ ओम. साधा ८३० नंबरचा मीटरसुद्धा ०.१ मिलिव्होल्ट दाखवतो, म्हणजे ०.००१ ओम. नीट बनवलेल्या चार वायरींच्या केबलवर आकडा १ मिलिव्होल्टच्या खाली आला पाहिजे. २-३ आला किंवा केबल हलवताना नाचला तर स्लीव्हचा डाग पुन्हा करा. तुमच्या सध्याच्या केबलवर, सामाईक ग्राउंडच्या हेडफोनकडच्या टोकावर प्रोब ठेवला तर, ४० च्या आसपास दिसेल.

यानंतर जी गळती उरते ती पिन आणि सॉकेट यांच्या स्पर्शातली आणि अँप्लिफायरच्या बोर्डावरची. चांगल्या सॉकेटच्या स्पर्शाला ओमचे काही शतांश असतात, काळवंडलेल्या पिनला जास्त. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पिन पुसा, सॉकेटमध्ये पिन चार-पाच वेळा फिरवा. केबलने याच्या पुढे जाता येत नाही, कारण स्लीव्ह एकच आहे.

ही शेवटची सामाईक जागाही काढायची तर अँप्लिफायरलाच बॅलन्स्ड आउटपुट हवं, म्हणजे डाव्या-उजव्याला सामाईक परत नसलेलं, प्रत्येकाला स्वतःचा प्लस आणि मायनस देणारं. चार वायरींची केबल त्यासाठी तयारच असते, फक्त पिन बदलायची. ४.४ मिमीच्या पिनमध्ये टिपपासून क्रमाने डावा प्लस, डावा मायनस, उजवा प्लस, उजवा मायनस आणि शेवटी स्लीव्ह ग्राउंड. चार पिनांच्या एक्सएलआरमध्ये १ डावा प्लस, २ डावा मायनस, ३ उजवा प्लस, ४ उजवा मायनस. २.५ मिमीत मात्र टिपला उजवा मायनस येतो, मग उजवा प्लस, डावा प्लस आणि स्लीव्हला डावा मायनस. इथे अंदाजाने जोडू नका.

अॅडॉप्टर बनवताना दिशा सांभाळा. बॅलन्स्ड पिनची केबल साध्या ३.५ च्या आउटपुटला लावण्यासाठी दोन्ही मायनस एकत्र करून स्लीव्हला दिले तर चालतं. उलट दिशेला, बॅलन्स्ड आउटपुटवरून साध्या तीन टप्प्यांच्या हेडफोनकडे जाणारा अॅडॉप्टर कधीही बनवू नका. बॅलन्स्ड अँप्लिफायरचे दोन्ही मायनस हे चालू आउटपुट असतात. त्यांना एकत्र केलं की दोन आउटपुट एकमेकांवर शॉर्ट होतात आणि अँप्लिफायर जळू शकतो.

केबल कमी पडली तर बाजारातली तीन वायरींची एक्स्टेन्शन लावू नका. ०.०८ चौरस मिमीच्या तीन मीटर एक्स्टेन्शनची सामाईक वायर एकटीच ०.६५ ओम घालते आणि ३२ ओमच्या हेडफोनवर गळती ३४ डेसिबलवर येते, म्हणजे आत्ता आहे त्याहून वाईट. केबलमध्ये बसवलेल्या व्हॉल्यूमच्या चाकाचंही असंच, आतली ग्राउंड एकच असते. लांबी हवी असेल तर चार वायरींची केबलच तीन मीटरची बनवा. २६ गेजमध्ये ती जाऊन-येऊन ०.८ ओम होईल, आवाज ०.२ डेसिबलने कमी होईल, आणि डावा-उजवा तितकाच वेगळा राहील.